पेंचच्या काठावरून दिसलेले दोन पुसट डाग: दीर्घिकांची टक्कर होते तेव्हा नेमकं काय आदळतं?

संत्राबर्फी (धागाकर्ती)

मागच्या अमावास्येला आम्ही सहा जणांनी पेंचच्या बाजूला, ओळखीतल्या एकांच्या शेतावर रात्र काढली. दिवसा ४५ अंश, त्यामुळे रात्री अकरापर्यंत ओट्यावर बसवत नव्हतं. पण आकाश! नागपुरात धंतोलीतल्या आमच्या गच्चीवरून सप्तर्षीचे सातही दिसले तरी मी खूश असते. तिथे एवढे तारे होते की त्यात सप्तर्षी कुठले ते शोधावं लागलं. पेंचला २०२४ साली देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली, ती उगाच नाही.

दुर्बीणकाकांनी (इथलेच सभासद, आयडी तोच) त्यांची ८ इंची दुर्बीण मरीचीवर लावली आणि तिथून जराशी सरकवली. "एम ५१," म्हणाले. मला काहीच दिसेना. "थेट बघू नका ताई, किंचित बाजूला बघा." तसं केलं आणि दोन डाग उमटले. पाटीवरचं अक्षर ओल्या बोटाने पुसल्यावर मागे राहतं ना, तसे. एक मोठा, एक लहान, अगदी शेजारी शेजारी. नजर सरळ केली की गायब, बाजूला नेली की हजर. दहा मिनिटं डोळा लावून बसल्यावर मोठ्या डागाभोवती धुकं असल्यासारखं वाटलं. फोटोत दिसतात ती गुलाबी भोवरेदार वळणं वगैरे काही नाही.

काका सहज म्हणाले, "या दोन दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे दोन प्रचंड समूह. दोघींची झटापट चालू आहे." घरी येऊन वाचलं तर जिथे तिथे तेच: दीर्घिकांची टक्कर झाली की नवे तारे जन्मतात. इथे माझं डोकं अडकलंय. वर्धा रोडवर दोन ट्रक आदळले तर काचा आणि पत्रा गोळा करावा लागतो, तिसरा कोरा ट्रक तयार होत नाही. मग आकाशात असं उलटं कसं? आणि तारे एकमेकांवर आपटतात का? जाणकारांनी सोप्या मराठीत सांगावं, गणित कमी.

तर्री_जास्त

ताई, हे तं मले बी पायजे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड फिरून राहिलं, का देवयानी नावाची दीर्घिका आपल्यावर येऊन राहिली, ताशी ४ लाख किलोमीटरनं, अन् पृथ्वीचा चुराडा होनार. एका काकानं तं विचारलं, मंग फ्लॅटचं कर्ज फेडाचं का नाही?

दुर्बीणकाका

कर्ज फेडा.

फॉरवर्डमधला वेग मात्र बरोबर आहे, हे दुर्मीळच. १९१२ साली व्हेस्टो स्लायफर यांनी देवयानीच्या प्रकाशाचा वर्णपट (रंगांची फोड, तिच्यावरून वेग कळतो) घेतला, तेव्हा ती सेकंदाला ३०० किलोमीटरने आपल्याकडे येताना दिसली. ही वेगळी दीर्घिका आहे हेही तेव्हा ठरलेलं नव्हतं. सूर्य स्वतः आकाशगंगेच्या, म्हणजे आपल्या दीर्घिकेच्या, केंद्राभोवती फिरतो, त्याचा वाटा वजा केला की सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर उरतात. ताशी ४ लाख ते हेच. पण मधलं अंतर २५ लाख प्रकाशवर्षं आहे, त्यामुळे घाई नाही.

आता संत्राबर्फी यांचा प्रश्न. आयडीला जागून संत्र्यानेच सांगतो.

सूर्य म्हणजे ७ सेंटीमीटरचं एक संत्रं समजा आणि ते झिरो माइलच्या खांबाशी ठेवा. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा, म्हणजे दुसरं संत्रं (खरं तर ते लिंबाहूनही लहान), किती लांब ठेवायचं? मुंबई नाही, दिल्ली नाही, कोलकाताही नाही. २००० किलोमीटर! यांगूनच्या पुढे. मधल्या सगळ्या मुलखात एकही संत्रं नाही. आता अशा दोन विरळ बागा एकमेकींतून जाऊ द्या. संत्र्यावर संत्रं आपटण्याची शक्यता जवळपास शून्य. अब्जावधी ताऱ्यांच्या दोन दीर्घिका आरपार जातात आणि तारे एकमेकांना शिवतही नाहीत.

दीर्घिकांचं मात्र तसं नाही. आकाशगंगेची चकती साधारण १ लाख प्रकाशवर्षं रुंद आणि देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर. म्हणजे जेवणाचं फूटभर ताट आणि दुसरं ताट २५ फुटांवर. लग्नाच्या पंगतीतलं अंतर. तारे एकमेकांपासून कल्पनेपलीकडे लांब, दीर्घिका मात्र एकमेकींच्या अंगणात. म्हणून दीर्घिकांच्या टकरी होतात, ताऱ्यांच्या होत नाहीत.

काय आदळतं ते वायुरूप सांगतील, त्यांचा तोच विषय आहे.

वायुरूप

काकांनी अर्धं काम केलं. आदळतो तो वायू.

दीर्घिकेत ताऱ्यांच्या मधली जागा पूर्ण रिकामी नसते. तिथे हायड्रोजन असतो, थोडी धूळ असते. त्यातले सगळ्यात दाट ढग शंभर प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेले आणि भयंकर थंड, उणे २६० अंशांच्या आसपास. तारा ठिपक्याएवढा, ढग गावाएवढा. त्यामुळे दोन दीर्घिका एकमेकींत शिरल्या की तारे गर्दीतल्या माणसांसारखे बाजूने निघून जातात, ढगांना मात्र जागाच मिळत नाही. ते समोरासमोर भिडतात आणि दाबले जातात.

ट्रकचं उदाहरण इथे फसतं. ट्रक ही तयार वस्तू, ती मोडते. वायू हा कच्चा माल. भिजवलेली कणीक पराती​त नुसती पसरून ठेवली तर पसरलेलीच राहील, मुठीत आवळली तर गोळा होईल. ढग एरवी स्वतःच्या वजनाने आत कोसळायला बघत असतो आणि आतली ऊब, खळबळ, चुंबकीय क्षेत्र त्याला थोपवून धरतात. हा तोल लाखो वर्षं टिकतो. टकरीत तो एका बाजूला कलतो.

कोरडा_विनोद

थांबा. सायकलचा पंप मारला की गरम होतो. वायू दाबला तर तापायला हवा, आणि तापलेला वायू फुगतो. मग ढग कोसळेल कशाला? उलट उधळायला हवा. (पुण्याचा आहे, शंका काढणारच. हलके घ्या.)

वायुरूप

शंका रास्त आहे आणि बहुतेक लेखांत हाच दुवा गाळलेला असतो.

तापतोच. धडकेच्या जागी वायू आधी चांगला तापतो. पण तो पंपात कोंडलेला नाही, उघड्यावर आहे, आणि उष्णता प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकू शकतो. कण एकमेकांवर आपटतात, प्रत्येक धडकेत थोडी ऊर्जा प्रकाश होऊन निसटते. घनता दुप्पट झाली तर आपटणारेही दुप्पट आणि ज्यांच्यावर आपटायचं तेही दुप्पट. म्हणजे तेवढ्याच जागेतून ऊर्जा चौपट वेगाने बाहेर. दाट वायू तापतो लवकर आणि निवतो त्याहून लवकर. निवल्यावर उरतो तो आधीपेक्षा दाट आणि पुन्हा थंडगार ढग. आता त्याला थोपवणारं फारसं काही नाही. तो तुकड्या-तुकड्यांनी कोसळतो आणि एकेका तुकड्यातून एकदम हजारो तारे निघतात.

हस्त नक्षत्राच्या दिशेला एनजीसी ४०३८ आणि ४०३९ ही जोडी आहे, कीटकाच्या मिशांसारख्या दोन लांब शेपट्या असलेली. हबल दुर्बिणीने तिथे हजाराहून जास्त तरुण तारकागुच्छ दाखवले. नुकतीच पाखडलेली ज्वारी सांडावी तसे निळे दाणे.

दुसरा भाग याहून महत्त्वाचा. टकरीच्या हिसक्याने चकतीत ताऱ्यांचा एक लांबट पट्टा तयार होतो, वायूचाही होतो. वायूचा पट्टा फिरताना किंचित पुढे असतो, ताऱ्यांचा मागे. मागचा पुढच्याला सारखा मागे ओढतो. वायूची फिरकी मंदावते आणि फिरकी गेली की तो केंद्राकडे घसरतो. मोरीत पाणी सुटावं तसा. दीर्घिकाभर पसरलेला माल काही कोटी वर्षांत मधोमध गोळा होतो आणि तिथे ताऱ्यांची भट्टी पेटते. आपल्या आकाशगंगेत सगळं मिळून वर्षाला एक-दोन सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे तारे घडतात. आर्प २२० नावाच्या जवळपास एकजीव झालेल्या जोडीत हा आकडा शंभराच्या पुढे जातो.

गंमत म्हणजे साध्या दुर्बिणीतून आर्प २२० मध्ये काहीच थोर दिसत नाही. सगळी भट्टी धुळीत झाकलेली. १९८३ साली आयरास हा उपग्रह अवरक्त (डोळ्याला न दिसणाऱ्या, उष्णतेच्या) किरणांत आकाश बघायला गेला, तेव्हा अशा दीर्घिका एक लाख कोटी सूर्यांइतक्या तळपताना सापडल्या.

चहात_बुडालेलं_बिस्कीट

वाखूसा (वाचनखूण साठवली).

संत्राबर्फी

कणीक आणि मोरी दोन्ही कळलं, धन्यवाद! पण शेपट्या कुठून आल्या? आदळल्यावर माल आत जायला हवा, बाहेर कसा फेकला गेला?

दुर्बीणकाका

भरती-ओहोटी. आता नागपूरकरांना भरती-ओहोटी सांगायची म्हणजे कठीणच, आपल्याकडे अंबाझरीला लाटही येत नाही.

शेजारीण दीर्घिका जवळ आली की तिची ओढ जवळच्या कडेवर जास्त आणि लांबच्या कडेवर कमी. या फरकाने चकती दोन्ही बाजूंनी ताणली जाते. शिवाय ती फिरतेही आहे. ताणलेली आणि फिरणारी वस्तू कडेचा माल भिरकावते: शेजारणीच्या बाजूला पूल, विरुद्ध बाजूला शेपूट. एम ५१ मध्ये तुम्ही पाहिलेला लहान डाग म्हणजे एनजीसी ५१९५. मोठीचा एक हात थेट तिच्या दिशेने गेलेला आहे, पण ती प्रत्यक्षात थोडी मागच्या बाजूला आहे. मोठीची ती प्रसिद्ध वळणं इतकी ठसठशीत आहेत त्यात या शेजारणीचा वाटा आहे. लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये आपल्या भल्यामोठ्या दुर्बिणीतून ती वळणं पहिल्यांदा कागदावर काढली. आपल्याला ८ इंचीत धुकं दिसलं यात लाज नाही.

वार मधोमध बसला तर वेगळाच आकार होतो. मे महिन्यात फुटाळ्याला पाणी असेल तर दगड टाकून बघा. लहान दीर्घिका मोठीच्या पोटातून आरपार गेली की कडं उठतं आणि बाहेर सरकत जातं, आणि त्या कड्यावर वायू दाबला जाऊन नवे तारे पेटत जातात. कार्टव्हील ही त्यातली नामांकित, सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांवर. २०२२ साली जेम्स वेब दुर्बिणीने तिचा फोटो दिला तो बघाच.

कोरडा_विनोद

सगळं ऐकायला छान आहे. पण हे दहा-वीस कोटी वर्षांचं नाटक आणि आपल्या हातात फक्त एक फोटो. एम ५१ रॉससाहेबांना दिसली तशीच आपल्याला दिसते. त्या आदळताहेत हे ठरवलं कोणी? एकीमागे एक उभ्या असतील. किंवा एकच दीर्घिका फुटून दोन होत असतील.

दुर्बीणकाका

तुम्ही गमतीत म्हणालात, पण हा वाद खरंच झाला होता. हाल्टन आर्प यांनी १९६६ साली वेड्यावाकड्या दीर्घिकांचा फोटोसंग्रह काढला, ३३८ नोंदींचा. आर्प २२० मधला आर्प तोच. यातल्या कितीतरी वस्तू टकरीतून नव्हे, तर दीर्घिकांच्या पोटातून बाहेर फेकल्या गेल्यात असं त्यांचं मत पडलं आणि शेवटपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. आपल्या जयंत नारळीकरांनी त्यांच्याबरोबर शोधनिबंध लिहिला आहे. प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्यांची तीही एक जोडी. मला दोघांबद्दल आदर आहे, पण या मुद्द्यावर पुरावा दुसरीकडे गेला.

तो कसा गेला हे माझं आवडतं प्रकरण, म्हणून जरा लांबण लावतो.

१९४१ साल, स्वीडन. एरिक होल्मबर्ग यांना दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या तर काय होईल हे काढायचं होतं. संगणक नाही. प्रत्येक ताऱ्यावर बाकी सगळ्यांची ओढ हाताने मोजायची तर जन्म पुरणार नाही. त्यांनी काय करावं? बल्ब आणले! एकेका दीर्घिकेला ३७, दोन्ही मिळून ७४. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं आणि बल्बचा प्रकाशही तस्साच कमी होतो. म्हणजे एखाद्या बल्बच्या जागी प्रकाशमापक ठेवून कुठल्या बाजूने किती उजेड येतो ते मोजलं की तिथली ओढ मिळाली, आकडेमोड निसर्गानेच केलेली. मग प्रत्येक बल्ब त्या हिशेबाने थोडा सरकवायचा. पुन्हा सगळ्यांचं माप. पुन्हा सरकवायचं. टेबलावर चक्क भरतीचे फुगवटे आणि वळणदार हात उमटले. शिवाय जवळून जाताना दोघींची गती खर्ची पडते आणि त्या एकमेकींना बांधल्या जाऊ शकतात, हेही दिसलं.

पुढे १९७२ साली अ‍ॅलर आणि युरी टूमरे या भावांनी हेच संगणकावर केलं. दोन जड केंद्रं, भोवती ठिपक्यांच्या चकत्या, बस्स. त्यातून हस्तातल्या जोडीच्या मिशा निघाल्या, एम ५१ चा पूल निघाला, शेपट्यांची लांबीसुद्धा पटण्याजोगी. फुटून दोन होण्याची गरजच उरली नाही. आणि फोटो एकच असला तरी आकाशात अशा शेकडो जोड्या आहेत: कुणी नुकती भेटते आहे, कुणी आरपार जाऊन परत वळते आहे, कुणी एकजीव झाली आहे. त्या संगणकातल्या पायऱ्यांशी जुळवता येतात. शिवाय वर्णपटातून कुठला भाग कुठल्या वेगाने जातोय तेही कळतं, ते तर फोटोत नसतं.

उमरेडची_लेक

मी नुसती वाचक, पण विचारते. शेवटी काय उरतं? आणि आपली आकाशगंगा यातून सुटली आहे का?

वायुरूप

दोन सारख्या आकाराच्या चकत्या एकजीव झाल्या की बहुतेक वेळा चकती उरत नाही. ताऱ्यांच्या शिस्तीत फिरणाऱ्या वाटा विस्कटतात, जो तो आपापल्या दिशेने. उरतो तो लंबगोल, गुळगुळीत गोळा. वायू काही ताऱ्यांत संपलेला, काही फुटणाऱ्या महाकाय ताऱ्यांनी आणि केंद्रातल्या कृष्णविवराने हाकलून दिलेला. मग नवे तारे जवळपास बंद. निळे तारे अल्पायुषी, ते आधी मरतात, म्हणून दीर्घिका हळूहळू पिवळट-तांबूस होत जाते.

हाकलणं बघायचं तर सप्तर्षीतलीच एम ८२ बघा, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर. शेजारच्या एम ८१ शी झालेल्या झटापटीने तिच्या पोटात भट्टी पेटली आणि तो वायू आता चकतीच्या वरखाली कारंज्यासारखा उडतो आहे. रेडिओ दुर्बिणीतून बघितलं तर दोघींच्या मध्ये हायड्रोजनचा पूल दिसतो. डोळ्याला त्यातलं काही कळत नाही, नुसती विडीच्या आकाराची रेघ.

आपणही सुटलेलो नाही. साधारण ८ ते १० अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेने एक बऱ्यापैकी मोठी शेजारीण गिळली. तिचे तारे अजून उलट्यासुलट्या वाटांनी फिरतात, त्यांवरून २०१८ साली गाया उपग्रहाच्या मापनांत ते उघड झालं. धनू राशीच्या दिशेला एक बुटकी दीर्घिका १९९४ मध्ये सापडली, तिचं गिळणं तर अजून चालू आहे. मॅगेलनचे मेघ (दोन लहान शेजारणी दीर्घिका) हेही आपल्याशी ओढाताणीत आहेत, पण त्यातला मोठा मेघ बघायला दक्षिणेला जावं लागेल. नागपूरच्या क्षितिजावर त्याचा मधला भाग वर येत नाही, थोडक्यात हुकतो.

आता माझ्याच उत्साहाला लगाम. "टक्कर म्हणजे ताऱ्यांचा पाऊस" हे सरसकट खरं नाही. मुळात वायू हवा. दोन म्हाताऱ्या, वायू संपलेल्या दीर्घिका भेटल्या तर काही पेटत नाही. अशा मिलनाला खगोलवाले चक्क "कोरडं" म्हणतात. वायू असला तरी किती पेटेल ते कोन, वेग, आकार यांवर ठरतं. आर्प २२० हे टोकाचं उदाहरण. सरासरी काढली तर जोड्यांमधली वाढ बेताचीच निघते. विश्वातले बहुतेक तारे शांतपणे, कुणाशी न भांडता, आपापल्या चकतीत जन्मलेत.

कोरडा_विनोद

हे शेवटचं आवडलं. मग मीही एक भर घालतो. देवयानी ४ अब्ज वर्षांनी आदळणार हे २०१२ च्या हबलच्या मोजमापावरून पक्कं मानलं जात होतं. २०२५ मध्ये नवीन गणित आलं, त्यात मॅगेलनच्या मोठ्या मेघाची ओढही धरली. निष्कर्ष: पुढच्या १० अब्ज वर्षांत टक्कर होण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या आसपास. छापा-काटा. आणि तशीही सूर्य हळूहळू प्रखर होत चाललाय, अब्जभर वर्षांत पृथ्वीवरचे समुद्र राहतील की नाही हाच प्रश्न.

तर्री_जास्त

समुद्राचं आमाले काय टेन्शन, आमाले नाहीच समुद्र.

धागा वर काढून राहिलो. काकाचे ७४ बल्ब वाचले अन् आठवीतल्या भाचीले सांगितलं. पोट्टी म्हने, मामा आपन एक तरी करू. ९ वॉटचा बल्ब, मोबाइलमधलं उजेड मोजाचं अ‍ॅप अन् शिवनटेप. हॉलमंधी लाइट बंद करून मोजलं. १ मीटरवर ९२. २ मीटरवर चौथाई म्हंजे २३ यायले पायजे, आले २९. ३ मीटरवर १० पायजेत, आले १७. पोट्टी म्हने, न्यूटन चुकला.

दुर्बीणकाका

न्यूटन नाही, तुमचा डिस्टेंपर चुकला. पांढऱ्या भिंतींवरून उजेड उलटून येतोय, तो जास्तीचा मोजला जातोय. जितके लांब जाल तितका त्याचा वाटा मोठा. गच्चीवर जा, भिंतीपासून लांब, खाली काळी चादर अंथरा.

तर्री_जास्त

गेलतो काका, काल रात्री साडेदहाले. आज्जीची काळी शाल अंथरली. १ मीटरवर ९१, २ वर २४, ३ वर ११. भाची लय खूश, वहीत लिहून घेतलं. पन प्रत्येक आकडा जराकसा जास्तच काहून येते, मनून तिनं बल्ब बंद करून मोबाइल तसाच धरला. तरी १ दाखोते. आजूबाजूले कोनाचाच लाइट नवता. मंग पोट्टी कठड्यापाशी गेली अन् खाली चौकातल्या हायमास्टकडं बोट दाखोवलं. ९१ मदून १ काढला का ९०, त्याची चौथाई साडेबावीस, अन् २४ मदून १ काढला का २३. जमलं ना बे!

पुढच्या अमावास्येले पेंचले जागा असन तं दोघांची लिहून ठेवा. शाल आनतो.